80, 9 आणि 8: किन्शासाच्या लढतीचं अजब गणित

1974 चा ऑक्टोबर. झाईर, म्हणजे आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक. राजधानी किन्शासामध्ये जागतिक हेवीवेट अजिंक्यपदाची लढत होणार आहे. एका बाजूला विजेता जॉर्ज फोरमन, वय 25. दुसऱ्या बाजूला आव्हानवीर मुहम्मद अली, वय 32. समजा, पैज लावायची वेळ तुमच्यावर आली, तर पैसे कुणावर लावाल?

थांबा, घाई नको. आधी दोघांचा हिशेब बघू.

फोरमनच्या 40 लढती झाल्या होत्या आणि 40 ही त्यानं जिंकल्या होत्या. त्यातल्या 37 मध्ये समोरच्याला शेवटच्या फेरीपर्यंत उभंही राहता आलं नव्हतं. त्याच्या आधीच्या आठ लढती तर दुसऱ्या फेरीच्या पुढे गेल्याच नाहीत. एक फेरी तीन मिनिटांची. म्हणजे सहा मिनिटांच्या आत खेळ खलास, तोही सलग आठ वेळा!

आता अली. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्यानं 1967 मध्ये नकार दिला, तेव्हा त्याचं अजिंक्यपद काढून घेतलं गेलं. ऐन उमेदीची साडेतीन वर्षं तो रिंगबाहेर होता. परतल्यावर 1971 मध्ये जो फ्रेझरनं त्याला हरवलं आणि 1973 मध्ये केन नॉर्टननं हरवताना त्याचा जबडाच मोडला. पुढे अलीनं दोघांचीही परतफेड केली खरी, पण दोन्ही वेळा गुणांवर आणि घाम गाळून.

आणि याच फ्रेझरचं फोरमननं काय केलं होतं? जानेवारी 1973 मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडलं. नॉर्टनचं काय? मार्च 1974 मध्ये काराकासला त्याचाही निकाल दोन फेऱ्यांत लावला.

म्हणजे हिशेब सरळ. ज्यांनी अलीला हरवलं, त्यांना फोरमननं चिरडलं. मग फोरमनपुढे अलीचा टिकाव कसा लागणार? सट्टेबाजांनी फोरमनला झुकतं माप दिलं. जाणते पत्रकार तर अलीच्या जिवाची काळजी करू लागले. तर्क इतका स्वच्छ होता की त्यात खोट कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवणं अवघड होतं.

आणि 30 ऑक्टोबरला, पहाटे चारच्या सुमाराला सुरू झालेल्या त्या लढतीत, सुमारे 60,000 प्रेक्षकांच्या साक्षीनं, आठव्या फेरीत अलीनं फोरमनला नॉकआउट केलं!

आता या शीर्षकातल्या आकड्यांकडे या. अली आपल्या कारकिर्दीत फ्रेझरशी तीन वेळा लढला, नॉर्टनशीही तीन वेळा. या सहा लढतींच्या मिळून फेऱ्या झाल्या 80. फोरमन फ्रेझरशी दोनदा लढला आणि नॉर्टनशी एकदा. दोघांनाही संपवायला त्याला सगळ्या मिळून 9 फेऱ्या पुरल्या. आणि त्या फोरमनला संपवायला अलीला लागल्या फक्त 8. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. अलीला ज्यांनी जेरीस आणलं, ते फोरमनपुढे उभे राहू शकले नाहीत. आणि फोरमन अलीपुढे उभा राहू शकला नाही. हे शक्य तरी कसं आहे?

कागद-पेन्सिल घ्या, एक गंमत करून बघू. तीन माणसांना तीन-तीन पत्ते वाटा. पहिल्याला 2, 4 आणि 9. दुसऱ्याला 1, 6 आणि 8. तिसऱ्याला 3, 5 आणि 7. प्रत्येकाची बेरीज करा: तिघांचीही 15! कुणी कुणापेक्षा बलवान नाही. आता दोघांनी न बघता एकेक पत्ता काढायचा. मोठा पत्ता जिंकला. पहिला आणि दुसरा भिडले तर नऊ शक्यता आहेत, त्यातल्या पाचांत पहिला जिंकतो. दुसरा आणि तिसरा भिडले तर नवांपैकी पाच वेळा दुसरा जिंकतो. मग पहिल्यानं तिसऱ्याला सहज लोळवायला हवं, नाही का? मांडून बघा. नवांपैकी पाच वेळा तिसराच जिंकतो!

यात कुठलीही हातचलाखी नाही. पहिला दुसऱ्याला भारी, दुसरा तिसऱ्याला भारी आणि तिसरा पुन्हा पहिल्याला भारी. उंचीचं असं कधी होत नाही. मी तुमच्याहून उंच आणि तुम्ही शेजाऱ्याहून उंच असाल, तर मी शेजाऱ्याहून उंच असणारच. पण हार-जीत उंचीच्या नियमानं चालत नाही. ती एकट्या माणसाच्या अंगात नसतेच. दोघं समोरासमोर आले की त्या दोघांच्या मध्ये घडते. 1974 मध्ये सगळं जग मुष्टियोद्ध्यांना एका रांगेत उभं करत होतं आणि ते उभे होते वर्तुळात.

हे वर्तुळ मुष्टियुद्धात तयार कसं होतं? प्रत्येकाच्या लढण्याच्या तऱ्हेतून.

फ्रेझर सहा फुटांपेक्षा थोडा कमी. तो वाकून, डोकं डोलवत, थेट प्रतिस्पर्ध्याच्या छातीपाशी शिरायचा आणि डाव्या हाताचा हुक मारायचा. अलीची सवय अशी की ठोसा आला की खाली न वाकता डोकं मागे घ्यायचं. सरळ येणारा ठोसा त्यामुळे नाकासमोर थांबतो. पण बाजूनं वळून येणारा हुक मागे गेलेल्या जबड्यालाही गाठतो. फ्रेझरला अली असा सापडला. पण फोरमनपुढे हेच वाकून आत शिरणं फ्रेझरला नडलं. फोरमन त्याला दोन्ही हातांनी ढकलून हव्या त्या अंतरावर आणायचा आणि खालून वर अपरकट मारायचा. वाकलेलं डोकं नेमकं त्याच वाटेवर!

नॉर्टनची कथा आणखी सुरस. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी अलीचं बारीक निरीक्षण केलं होतं. अली डाव्या हातानं जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, मारतो तेव्हा त्याचा उजवा हात जागेवर नसतो. मग करायचं काय? अलीनं जॅब मारला की त्याच क्षणी आपणही मारायचा. नॉर्टननं तेच केलं आणि अली हैराण झाला. पण हा नॉर्टन पुढे सरकताना जितका चांगला, तितकाच मागे हटताना दुबळा. आणि फोरमनसमोर आलेल्याला मागे हटावंच लागायचं.

आता उरला प्रश्न अली आणि फोरमनचा. इथे तर पावलागणिक नवल आहे.

अली म्हणाला होता, मी रिंगभर नाचेन. फोरमननं त्याचीच तयारी केली होती. पळणाऱ्याची वाट अडवायची. यातली भूमिती बघा. रिंगच्या कडेनं फिरणाऱ्याला मोठं वर्तुळ चालावं लागतं, मधे उभं राहून त्याच्याकडे तोंड ठेवणाऱ्याला लहान. मधल्याच्या वर्तुळाची त्रिज्या निम्मी असेल, तर कडेच्या माणसाच्या दर दोन पावलांना त्याला एकच पाऊल पुरतं. म्हणजे नाचणारा आधी दमणार, आणि तो 32 वर्षांचा. अलीला हे पहिल्याच फेरीत कळून चुकलं.

त्या पहिल्या फेरीत त्यानं आणखी एक अचाट गोष्ट केली. उजव्या हाताचा मुष्टियोद्धा डावा खांदा पुढे ठेवून उभा राहतो. आधी डावा हात, मग त्याच्या आडून उजवा, हा शिरस्ता. सुरुवातच उजव्यानं केली तर त्या हाताला जास्त अंतर कापावं लागतं, समोरच्याला तो येताना दिसतो आणि मारणाऱ्याचा जबडा उघडा पडतो. म्हणून तरबेज योद्ध्यासमोर असं सहसा कुणी करत नाही. अलीनं जगातल्या सगळ्यात धोकादायक माणसासमोर तेच केलं, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा! ठोसे लागलेही, कारण असा वेडेपणा कुणी करेल याची फोरमनला कल्पनाच नव्हती. तो चिडला आणि अंगावर धावून आला.

दुसऱ्या फेरीत अली मागे सरकून दोरांना टेकला आणि हात चेहऱ्यासमोर धरून उभा राहिला. त्याच्या कोपऱ्यातून आरडाओरडा सुरू झाला. तिथून हल, असं प्रशिक्षक अँजेलो डंडी ओरडत होते. त्यांचं काय चुकलं? फोरमनसमोर दोरांवर अडकणं म्हणजे शेवट, हे कुणीही सांगितलं असतं.

पण दोर काय करत होते ते बघा. वेगानं आलेला क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. चेंडू थांबायला जितका वेळ जास्त, तितका तळहाताला मार कमी. अलीनं हेच अख्ख्या शरीरानं केलं. ठोसा आला की तो मागे झुकायचा, दोर ताणले जायचे आणि फोरमनचा जोर त्या दोरांत विरून जायचा. त्यातही बरेचसे ठोसे पडत होते दंडांवर, कोपरांवर, बरगड्यांच्या बाजूला. डोकं मात्र दोरांच्या पलीकडे, फोरमनच्या हाताच्या टोकापासून जेमतेम लांब. याचा अर्थ मार लागत नव्हता असा मुळीच नाही. लागत होता, आणि अली तो शांतपणे सोसत होता.

आणि फोरमन? लागलेल्या ठोशापेक्षा हुकलेला ठोसा महाग पडतो, हे ठाऊक आहे का? ठोसा लागला की समोरचं शरीर हाताला थांबवतं. हुकला की तो वेगातला हात आपल्याच स्नायूंना अडवून परत आणावा लागतो. भर टाका किन्शासाच्या दमट उकाड्याची. हवेत आधीच इतकी वाफ की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. शिवाय जबरदस्त ताकदीचा एक छुपा तोटा असतो. ज्याच्या आठ लढती दोन फेऱ्यांत आटोपल्या, त्याला पाचव्या-सहाव्या फेरीसाठी दम राखून ठेवायची सवय राहील कुठून? ज्या आकड्याला सगळं जग फोरमनचं बळ समजत होतं, त्याच आकड्यात त्याचा दुबळेपणा लपला होता!

मिठी मारली की अली त्याच्या मानेवर भार टाकायचा आणि कानाशी बोलत राहायचा. एवढंच का रे जॉर्ज, अशा अर्थाचं त्यानं कानात विचारलं तेव्हा आपल्यालाही वाटलं की हो, एवढंच, असं फोरमननं पुढे मोकळेपणानं सांगितलं.

आठवी फेरी संपायला काही सेकंद उरले असताना अली दोरांवरून बाजूला सरकला आणि डाव्या-उजव्याची झड लावली. ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि डोकं कमी हलतं. दमलेल्या माणसाला तो वेळेवर दिसत नाही. शेवटचा उजवा चेहऱ्यावर बसला आणि फोरमन गिरकी घेत खाली आला. तो कोसळत असताना अलीचा उजवा हात पुन्हा उगारलेला होता. पण अलीनं तो मारला नाही. 81 लढतींच्या कारकिर्दीत फोरमन नॉकआउट झाला तो एवढा एकदाच.

मग काय, अली फोरमनपेक्षा बलवान होता असं म्हणायचं? तेही नाही. फ्रेझरचा आणि नॉर्टनचा फडशा पाडणं अलीला कधी फोरमनसारखं जमलंच नाही. बरं, फोरमनचीही गोष्ट इथे संपत नाही. 5 नोव्हेंबर 1994 ला, वयाच्या 45 व्या वर्षी, तो लास वेगासमध्ये 26 वर्षांच्या अपराजित मायकेल मूररसमोर उभा राहिला. अंगात किन्शासातलीच चड्डी, आणि कोपऱ्यात चक्क अँजेलो डंडी! नऊ फेऱ्या तो गुणांवर मागे होता. दहाव्या फेरीत त्याच्या उजव्यानं मूररला आडवं केलं आणि 20 वर्षांपूर्वी गमावलेलं अजिंक्यपद परत आणलं. तिथेही पारडं मूररच्याच बाजूनं झुकलेलं होतं.

तेव्हा पुढच्या हेवीवेट लढतीआधी मित्रांमध्ये वाद रंगला, तर दोघांच्या विजयांची यादी जरूर बघा, पण तिथे थांबू नका. याचा आवडता ठोसा त्याच्या सवयीच्या वाटेवर येतो का? पुढे येणाऱ्याला मागे रेटलं तर त्याचं काय होतं? लढत सहाव्या फेरीच्या पलीकडे गेली तर दम कुणाकडे उरेल? आणि ठरवलेला बेत पहिल्याच फेरीत फसला, तर तिथल्या तिथे दुसरा काढण्याची अक्कल आणि छाती दोघांपैकी कुणाची? एवढं विचारूनही अंदाज चुकू शकतो. पत्त्यांच्या खेळातही नवांपैकी चार वेळा उलटंच घडतं. म्हणूनच तर घंटा वाजेपर्यंत हा वाद मिटत नाही, आणि म्हणूनच तो घालण्यात एवढी मजा आहे!