जेटची पारख: प्रतिरूप आणि मोजमाप

जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉन एकमेकांवर आदळल्यावर उसळणारा क्वार्क किंवा ग्लुऑन शोधकयंत्रापर्यंत सुट्या रूपात कधीच पोहोचत नाही. वाटेतच त्यापासून नवे ग्लुऑन फुटत जातात, त्या साऱ्यांचे शेवटी पायॉन, केऑन अशा कणांत रूपांतर होते, आणि साधारण एकाच दिशेने धावणाऱ्या या कणांच्या झोताला ‘जेट’ म्हणतात. फुटीचा पहिला टप्पा प्रबल बलाच्या सिद्धांतावरून बराचसा मोजता येतो. कण घडण्याच्या टप्प्यावर मात्र हे बल इतके तीव्र होते की नेहमीचे गणित खुंटते आणि प्रतिरूपाचा आधार घ्यावा लागतो.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात बो अँडरसन, योस्टा गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रतिरूपात दूर जाणाऱ्या क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्यामध्ये बलाची तार ताणली जाऊन तुटते, तुटलेल्या टोकांशी नवी जोडी जन्मते, आणि ग्लुऑन म्हणजे त्या तारेला पडलेला बाक असतो. त्यावरून निघालेले भाकीत धीट होते: तीन जेटच्या घटनेत क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या मधल्या भागात कण कमी दिसावेत. हॅम्बुर्गच्या पेट्रा त्वरकावरील जेड प्रयोगाला १९८०च्या सुमारास नेमके तेच आढळले. ‘पिथिया’ ही संगणकप्रणाली आजही याच कल्पनेवर चालते, तर ‘हर्विग’मध्ये तारेऐवजी लहान पुंजक्यांतून कण घडतात.

अशा प्रणाली कृत्रिम टकरी घडवतात, शोधकाच्या मर्यादांचा परिणाम मोजमापातून वजा केला जातो आणि मग जेटची रुंदी, त्यातील कणसंख्या अशा राशींचे आलेख ताडून पाहिले जातात. प्रतिरूपांतील प्राचलांची, म्हणजे सिद्धांतातून न मिळणाऱ्या आकड्यांची, जुळणी मुख्यतः १९८९ ते २००० या काळात चाललेल्या लेप त्वरकाच्या मोजमापांवर झालेली आहे. तेथील झेड कण क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीत विघटित होत असल्याने क्वार्कच्या जेटवर पकड घट्ट बसली. ग्लुऑनच्या जेटचा पुरावा त्या मानाने तोकडा राहिला. जुळवून घेतलेल्या आलेखावर प्रतिरूप जुळले तर त्यातून समज वाढल्याचे सिद्ध होत नाही. खरी परीक्षा जुळणीत न वापरलेल्या मोजमापावरच होते, आणि हा भेद सांभाळणे या शास्त्राच्या प्रामाणिकपणाचा कणा आहे.

या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा आहे: सर्नमधील सीएमएस या शोधकातील बाह्य हेड्रॉन उष्मामापी, जो मुख्य उष्मामापीतून निसटणारी ऊर्जा टिपून जेटचे मोजमाप अचूक करतो, तो उभारण्यात तिचा सहभाग होता.

ग्लुऑनच्या जेटबाबत पुरावा तोकडा असल्याचा परिणाम पुढे दिसून आला: सर्नमधील अॅटलास प्रयोगाने क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या जेटमधील फरक मोजला, तेव्हा तो पिथियाच्या त्या वेळच्या आवृत्तीने वर्तवल्यापेक्षा कमी आणि हर्विगच्या आवृत्तीने वर्तवल्यापेक्षा जास्त निघाला.