‘कऱ्हेचे पाणी’ शोधून बघा

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयानं दाखल नोंदवही संगणकावर घ्यायची ठरवली, की पहिला प्रश्न पैशाचा. विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही, म्हणून ओपन सोर्सकडं वळायचं. तिथं पर्याय भरपूर आहेत. पण सोबतच्या माहितीत मराठीसाठी एकच ओळ, ‘युनिकोड चालतं’. नुसतं पडद्यावर दिसतं की शोधताही येतं, याचा पत्ता नसतो.

मग सॉफ्टवेअर पारखायला मी नोंदवही उघडतो आणि त्रास देणारी पुस्तकं आधी निवडतो. पहिला मान आचार्य अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’ला. त्यातला ‘ऱ्हे’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक नुक्ता असलेला ऱ घेतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. एका तऱ्हेनं नोंद करून दुसरीनं शोधलं आणि ‘नोंद नाही’ आलं, तर पुस्तक कपाटात असूनही वाचक रिकाम्या हातानं परत जाणार.

दुसरी परीक्षा मात्रा-उकारांची. युरोपीय भाषांत शोध सोपा व्हावा म्हणून अक्षरांवरची चिन्हं काढून टाकणारा एक नियम वापरतात. तोच देवनागरीला लागला तर काना, वेलांटी टिकतात. उकार, एक मात्रा, अनुस्वार, हलन्त गळून पडतात. एका सॉफ्टवेअरमध्ये हे उघड झालं तेव्हा शेजारी बसलेले ग्रंथपाल म्हणाले, “सर, मळा मागितला तर हे मुळा अन् मेळा कशाला दाखवायलंय?” माहितीत या नियमाचा उल्लेखच नव्हता. सेटिंगची फाइल ओळीओळीनं वाचली तेव्हा तो सापडला.

क्रमवारी बघायला ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ पुरतात. आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येतात. नुसत्या युनिकोड क्रमांकावर लावलेल्या यादीत ‘क्ष’ ‘क’च्या घरात शिरतो आणि ‘ळ’ ‘व’च्या आधी बसतो.

न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांत 2000 सालापासून वापरात आलेलं ‘कोहा’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मी पर्यायांच्या यादीत वर ठेवतो. त्याच्या झेब्रा या शोधयंत्रणेत अक्षरं हाताळायचे दोन मार्ग आहेत. मूळ मार्ग लॅटिन लिपीला धरून आहे. देवनागरीसाठी ‘आयसीयू’ हा दुसरा मार्ग निवडायचा आणि सगळी सूची नव्यानं बांधायची. हे नवख्याला पहिल्या पानावर कुणी सांगत नाही. पण दर मे आणि नोव्हेंबरला नवी आवृत्ती येते, आणि त्रुटींची नोंद सगळ्यांना वाचता येते. मी तिथं किती तक्रारी आहेत ते मोजत नाही. आपल्यासारख्या लिप्यांची तक्रार आली तेव्हा कुणी उत्तर दिलं का, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत उतरली का, एवढं बघतो. चकचकीत माहितीपुस्तिकेपेक्षा मला त्या नोंदी जास्त भरवशाच्या वाटतात.

शेवटी बाहेरची वाट. भरलेल्या नोंदी ‘मार्क’ या ग्रंथालयांच्या ठरावीक स्वरूपात बाहेर काढायच्या, दुसऱ्या संगणकावर कोऱ्या प्रतीत घालायच्या आणि ‘कऱ्हेचे पाणी’ तिथं पुन्हा दोन्ही तऱ्हांनी शोधायचं. नोंदी जशाच्या तशा उतरल्या, तरच ग्रंथपालांना उरलेली नोंदवही भरायला घ्या म्हणून सांगतो.