डासामुळे बारसं लांबलेली गाडी

२०१६च्या सुरुवातीला टाटा मोटर्सची नवी छोटी गाडी विक्रीला येण्याच्या बेतात होती. नाव झिका, ‘झिपी कार’ या दोन शब्दांचे तुकडे जोडून केलेलं. जाहिरातींसाठी लिओनेल मेस्सीला कंपनीनं आधीच आणलं होतं. तेवढ्यात ब्राझीलहून डासांनी पसरणाऱ्या झिका विषाणूच्या बातम्या येऊ लागल्या. १ फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीनं नाव मागे घेतलं. वाहन प्रदर्शन तोंडावर आलं होतं, त्यामुळे ग्रेटर नोएडात गाडी जुन्याच पाटीनिशी उभी राहिली. मग लोकांकडून नावं मागवली. टियागो, सिव्हेट आणि अडोर ही तीन शेवटपर्यंत टिकली, त्यांतलं टियागो ठरलं. ६ एप्रिलला गाडी बाजारात आली. दिल्लीतली किंमत तेव्हा ३ लाख २० हजारांपासून होती.

विषाणूचं नाव युगांडातल्या झिका जंगलाचं. १९४७ साली तिथल्या एका माकडात तो सापडला होता. कंपनीची घाई त्या वेळी काहींना जास्तच वाटली. पण २०२३मध्ये झिकाचे रुग्ण आमच्या हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजीत निघाले. बाहेर गल्लीत धूरफवारणी चाललेली आणि शोरूममध्ये विक्रेता ‘साहेब, झिका बघा’ म्हणतोय, हे डोळ्यांसमोर आणून पाहा.

खरं तर टियागोला पुसायचं होतं ते दुसरंच नाव. आमच्याकडे टाटाची छोटी गाडी म्हणजे इंडिका. रतन टाटांच्या आग्रहातून १९९८च्या अखेरीस आलेली, पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला बनणारी. ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रं आणून तिची लाइन उभी केली होती. सुरुवातीला तक्रारी फार झाल्या. २००१च्या व्ही-टू इंडिकानं त्या बऱ्याच निस्तरल्या. आतली ऐसपैस जागा आणि १४०५ सीसीचं डिझेल इंजिन भाड्याच्या धंद्याला इतकं मानवलं की ती ‘ट्रॅव्हल्सची गाडी’च झाली. घरच्या लग्नात पाव्हण्यांना स्टँडवरून आणायला इंडिका चालायची, पण नवरदेवासाठी कुणी ती मागत नसे.

आमच्या हातकणंगले तालुक्यातल्याच पुलाची शिरोलीत फाउंड्र्या आहेत, वाहन उद्योगासाठी तिथं ओतकाम चालतं. त्यामुळे इथला गिऱ्हाईक बॉनेट उघडून आधी कान देतो. टियागोचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं. गाडी उभी असताना त्याची थरथर जाणवते, ती लपत नाही. सुरुवातीच्या गाडीत ताकद ८५ पीएस, टॉर्क ११४ न्यूटन-मीटर, तोही साडेतीन हजार फेऱ्यांवर. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर उसाच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असला, की या आकड्यांचा अर्थ कळतो: गिअर उतरवल्याशिवाय ओव्हरटेकचं नाव काढायचं नाही. स्विफ्टवाल्याला ही गाडी सुस्त वाटेल. मात्र वेग धरल्यावर ती रस्त्याला चिकटून चालते, आणि आंबा घाटाच्या वळणांवर वजनदार बांधणीचं मोल पटतं. २०२०मध्ये ग्लोबल एनकॅपनं मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला पाचांपैकी चार तारे दिले. एवढ्या किमतीत तेव्हा ते सहज मिळत नव्हते.

डिझेलची टियागो १०४७ सीसीची, ७० पीएसची. कमी फेऱ्यांवरच १४० न्यूटन-मीटर ओढ देणारी, म्हणून ट्रॅक्टरमागे अडकणाऱ्यांसाठी तीच खरी होती. बीएस-सहाचे नियम आले आणि २०२०मध्ये ती गेली. २०२२मध्ये सीएनजी आली, त्याच वर्षी विजेवरचीही. पहिल्या सीएनजीत टाकीनं डिकी खाल्ली होती. २०२३मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या खाली बसवल्यावर बॅगा ठेवायला जागा झाली.

शिरोली एमआयडीसीत रोज ये-जा करणाऱ्याला मी सीएनजीच सुचवेन. घरी चार्जिंगची सोय असेल तर विजेची. पण २०१८मध्ये कोइमतूरच्या जयेम कंपनीबरोबर केलेली टर्बो जेटीपी, तीच ११४ पीएसची, सुस्थितीत विकायला दिसली, तर मायलेजचा हिशेब न मांडता आधी विसार द्या.