नैरोबीचे वार्तापत्र : फुकटची शाळा, उधारीची शाळा

नैरोबी : किबेरा, माथारे किंवा मुकुरू या वस्त्यांत पत्र्याच्या भिंतीवर रंगाने ‘अकॅडमी’ असे लिहिलेले दिसले की ती खासगी शाळा समजावी. केनियात सरकारी प्राथमिक शिक्षण जानेवारी 2003 पासून मोफत आहे. राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकींनी निवडणुकीतले वचन सत्तेवर येताच पाळले आणि दहा लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली. तरीही लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी आई पदरमोड करून मुलाला अकॅडमीत घालते. का?

आपल्याकडे याचे उत्तर ‘इंग्रजी माध्यम’ एवढ्यावर भागते. इथे ते पुरत नाही, कारण सरकारी शाळेतही चौथीपासून इंग्रजीच आहे. इथे आधी पाहतात ते अंतर. किबेराची जमीन सरकारी. वस्ती वर्षानुवर्षे बेकायदा धरलेली. त्यामुळे सरकारी शाळा बहुतेक कडेकडेला. सहा वर्षांच्या पोरीला रेल्वेरूळ ओलांडून पाठवण्यापेक्षा गल्लीतली शाळा बरी. मग वर्गातली गर्दी : 2003 नंतर मुले वाढली, त्या मानाने शिक्षक वाढले नाहीत. शिवाय निकाल. 2023 पर्यंत आठवीच्या अखेरीस केसीपीई ही परीक्षा असे आणि कोणत्या शाळेची सरासरी किती, याची चर्चा पालकांत चाले.

पण खरी मेख पैशाच्या वेळेत आहे. मोफत शाळेतही गणवेश, चाचण्या, दुपारचे जेवण असा खर्च निघतो आणि तो बहुधा सत्राच्या तोंडावर एकदम. रोजंदारीवर जगणाऱ्याकडे एकरकमी पैसा नसतो. अकॅडमीचा एकूण खर्च जास्त. पण थोडे आज, थोडे पुढच्या आठवड्यात, एम-पेसा या मोबाइलवरच्या पैसेसेवेवरून, असे चालते. शाळाचालक अनेकदा त्याच वस्तीतला, त्याच्याशी घासाघीस करता येते.

या सोयीची किंमतही आहे. थकबाकी वाढली की मुलाला घरी धाडतात. शिक्षक तुटपुंज्या पगारावर राबतात, अनेकांचे प्रशिक्षण झालेले नसते. इमारत कुणी तपासलेली असेलच असे नाही : सप्टेंबर 2019 मध्ये डागोरेट्टी भागात अशाच एका शाळेचा वर्ग कोसळून मुले दगावली. मुकुरूत 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिज’ या खासगी शाळांच्या साखळीने टॅब्लेटवरून वाचून शिकवण्याचा स्वस्त मार्ग काढला. जगभरातून पैसा आला, वादही झाले आणि 2022 मध्ये जागतिक बँक समूहातील आयएफसीने आपली गुंतवणूक काढून घेतली.

जेम्स टूली हे ब्रिटिश अभ्यासक किबेरातल्या अशा शाळांकडे पाहून म्हणतात, गरीब पालक जाणतेपणी खासगी शाळा निवडतात. अर्धे खरे आहे. दोन अकॅडमींत शिक्षक कुठे नियमित येतो, हे आई चोख पाहते आणि न पटल्यास मूल काढूनही घेते. पण जिथे सरकारने चालत जाण्याजोग्या अंतरावर शाळाच बांधली नाही, तिथे तिने सरकारी शाळा नाकारली असे म्हणणे धाडसाचेच आहे.