दुखणे कमी झाले, पण आजार गेला का?
चिनी सुया, ताय-ची आणि मनाचा शरीरावरचा परिणाम

कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी, झोप न येणे, दमा, शुगर. आपल्या वस्त्यांमध्ये ही दुखणी घरोघर आहेत आणि त्यांवरचे उपाय सांगणारेही दारापर्यंत येतात. कोणी चिनी सुया टोचून घ्यायला सांगतो, कोणी तळपायाचे बिंदू दाबायला, तर कोणी चुंबकाची जपानी गादी हप्त्याने विकतो. काही जण तर "ही बुद्धाच्या देशांतली, भिक्खूंनी जपलेली विद्या आहे" असेही सांगून जातात. शेजारची ताई म्हणते, "मला तर फरक पडला." दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, "सगळे मनाचे खेळ आहेत."

मग खरे काय? ताईचेही खोटे नाही आणि डॉक्टरांचेही अगदीच चूक नाही. पण दोघांचे बोलणे अर्धेच आहे. चीन-जपानकडच्या या उपचारांची गेल्या काही दशकांत नीट तपासणी झाली आहे. त्यातून काय दिसले हे कळले, तर पैसा कुठे घालायचा, कुठे नाही आणि कोणते औषध कधीच सोडायचे नाही, हे आपले आपल्याला ठरवता येते.

जुन्या वैद्यांनी काय पाहिले?

चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ म्हणजे 'हुआंगदी नेइजिंग'. तो साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात संकलित झाला. बौद्ध धम्म चीनमध्ये पोहोचला तो त्यानंतर. म्हणजे या विद्येला बुद्धाचे नाव लावून कोणी विकत असेल, तर तो इतिहासही चुकीचा सांगतो.

या ग्रंथाप्रमाणे शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते. ती अडली की दुखणे सुरू होते. मग त्या वाटेवरच्या बिंदूंवर सुई टोचायची, दाब द्यायचा किंवा वाळलेला पाला जाळून शेक द्यायचा. शेकासाठी वापरतात ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली आहे. आज अशा ३६१ बिंदूंची यादी मानली जाते.

आधुनिक शरीरशास्त्राला या वाटा सापडलेल्या नाहीत. पण त्या वैद्यांचे एक निरीक्षण मोलाचे होते. मनातली भावना शरीरात उतरते, हे त्यांनी ओळखले. राग यकृताला, शोक फुप्फुसांना, भीती मूत्रपिंडांना आणि अतिविचार प्लीहेला बाधतो, असे त्यांनी मांडले. ही अवयवांची वाटणी टिकली नाही, पण मूळ मुद्दा टिकला.

याचे एक उदाहरण चीनमधलेच आहे. १९८० साली आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने हुनान प्रांतात १०० रुग्ण तपासले. तिथल्या डॉक्टरांनी या सगळ्यांना 'नसांची कमजोरी' असे निदान दिले होते. तक्रारी होत्या डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर आणि थकवा यांच्या. त्यांपैकी ८७ जणांना नैराश्याचा आजार असल्याचे आढळले. अनेकांनी सांस्कृतिक क्रांतीच्या काळात छळ, अपमान आणि घरच्यांची ताटातूट सोसली होती. "मन दुखते" म्हणायची सोय नव्हती, "डोके दुखते" म्हणता येत होते.

आपल्याकडेही घरकाम, धुणीभांडी, कर्जाचा हप्ता, नवऱ्याची दारू, कामावरचा अपमान हे सगळे सोसणारी बाई दवाखान्यात जाते तेव्हा "अंग मोडून येते, छातीत धडधडते" एवढेच सांगते. तपासण्या नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, "हिला काही झालेले नाही, नाटक करते." नाटक नसते. सततच्या ताणाने स्नायू आखडतात, ठोके वाढतात, झोप उडते. आणि झोप कमी झाली की तेच दुखणे जास्त जाणवते.

खरी सुई आणि खोटी सुई

सुयांनी आराम पडतो तो सुईमुळे की मनामुळे? हे शोधायला जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला चिनी पद्धतीच्या नेमक्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर टोचल्या. तिसऱ्या गटाला नेहमीचे उपचार, म्हणजे गोळ्या, फिजिओथेरपी आणि व्यायाम दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना चांगला आराम होता. दुसऱ्यात ४४.२ टक्के लोकांना आणि तिसऱ्यात २७.४ टक्के लोकांना.

सुयांच्या दोन्ही गटांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडला. पण सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही.

मग आराम कशाने पडला? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीने याचे उत्तर बरेचसे दिले. पोटात वारंवार मुरडा येणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ अशा आजाराचे २६२ रुग्ण घेतले. पहिल्या गटाला फक्त थांबायला सांगितले. दुसऱ्याला खोट्या सुया लावल्या. त्या त्वचेला टेकतात, पण आत शिरत नाहीत. तिसऱ्या गटालाही त्याच खोट्या सुया लावल्या, पण उपचार करणाऱ्याने आधी रुग्णाचे सगळे ऐकून घेतले, आपुलकीने विचारपूस केली आणि धीर दिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात ६२ टक्के होते. खरी सुई एकालाही टोचलेली नव्हती.

हा आराम खोटा होता का? नाही. आपला मेंदू स्वतःच अफूसारखे वेदनाशामक द्रव्य तयार करतो. दाढ काढलेल्या रुग्णांवरचा एक प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात अफूचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर, नुसत्या विश्वासाने मिळालेला आरामही नाहीसा झाला. म्हणजे विश्वास आणि धीर यांमुळे शरीरात खरोखर काही घडत होते. "मनाचे खेळ" म्हणून ते उडवून लावण्यासारखे नाही.

मनाची ताकद कुठे संपते?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दम्याच्या ३९ रुग्णांना आळीपाळीने चार गोष्टी दिल्या. औषधाचा पंप, औषध नसलेला पंप, खोटी सुई आणि काहीच नाही.

मग प्रत्येकाला विचारले, किती बरे वाटले? औषधाच्या पंपाने सरासरी ५० टक्के, खोट्या पंपाने ४५ टक्के, खोट्या सुईने ४६ टक्के आणि काहीच न देता २१ टक्के. म्हणजे रुग्णाच्या सांगण्यावरून पाहिले तर खरे औषध आणि खोटी सुई जवळजवळ सारखीच.

पण त्याच वेळी यंत्रावर फुंकायला लावून फुप्फुसांची ताकदही मोजली होती. औषधाच्या पंपाने ती २० टक्के वाढली. बाकी तिन्ही वेळा वाढ फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. रुग्णाला बरे वाटत होते, पण श्वासनळ्या आवळलेल्याच होत्या.

वाचकहो, धोका नेमका इथे आहे. "बरे वाटते" म्हणून दम्याचा पंप सोडला आणि रात्री झटका आला, तर मनाचा धीर श्वासनळी उघडत नाही. शुगर आणि बीपी तर वाढलेले असतानाही बरेचदा जाणवत नाहीत. टीबीच्या गोळ्यांनी एक-दोन महिन्यांतच खोकला थांबतो, वजन वाढते, पण जंतू शिल्लक असतात. तिथे गोळ्या सोडल्या तर आजार परत येतो आणि पहिल्या औषधांना दाद न देणारा होऊ शकतो.

मन वेदना, मळमळ, बेचैनी आणि थकवा हलका करू शकते. ते जंतू मारत नाही, रक्तातली साखर औषधासारखी आटोक्यात आणत नाही, गाठ विरघळवत नाही.

तपासणीत टिकलेले आणि न टिकलेले

ताय-ची हा चीनमधला संथ व्यायाम. सतराव्या शतकात हनान प्रांतातल्या चेन गावात तो रूपाला आला, असे मानतात. गुडघे थोडे वाकवून, श्वासाकडे लक्ष ठेवून, शरीराचे वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचे. गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवरच्या अमेरिकेतील चाचणीत (२०१६) ताय-चीने फिजिओथेरपीइतकाच आराम दिला. कंपवाताच्या १९५ रुग्णांवरच्या चाचणीत (२०१२) ताय-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

ऑपरेशननंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी १९९७ साली नोंदवले. अर्थात उलटीच्या औषधांना जोड म्हणून, त्यांच्या जागी नव्हे.

चिनी वैद्यकातून आलेले सगळ्यात मोठे औषध मात्र सुईचे नाही. तू यूयू या चिनी संशोधिकेला मलेरियावर औषध शोधायचे होते. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात तिला 'छिंगहाओ' या वनस्पतीचा उल्लेख सापडला. हीसुद्धा दवण्याच्या कुळातलीच. पण ग्रंथात लिहिले म्हणून तिने ते लोकांना वाटले नाही. अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, १९७२ साली स्वतः घेऊन पाहिला आणि मग रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या सरकारी दवाखान्यात गंभीर प्रकारच्या मलेरियावर आज याच घराण्यातली औषधे देतात.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी जडीबुटीच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक बायकांच्या किडन्या बिघडल्या. त्यांत ॲरिस्टोलोकिया नावाची विषारी वनस्पती गेली होती. "झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही" हे खरे नाही. आणि चुंबकाच्या गादीबद्दल म्हणाल, तर चुंबकाने दुखणे कमी होते याला तपासणीत आधार मिळालेला नाही. हप्ते भरण्याआधी एवढे ध्यानात घ्या.

आपण काय करायचे?

१. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसा. पोटावर हात ठेवा. मनात चार आकडे मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. याला पैसा लागत नाही. चक्कर आली तर थांबा.

२. गुडघेदुखी किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, तर भिंतीला एक हात टेकून उभे राहा आणि वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्या. चार-पाच जणींनी मिळून समाजमंदिरात किंवा विहाराच्या अंगणात केले, तर नेम टिकतो.

३. सुया टोचून घ्यायच्याच असतील, तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. एकदा वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ 'ब' आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

४. "आधीच्या गोळ्या बंद करा, मगच गुण येईल" असे जो सांगतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. दम्याचा पंप, शुगर, बीपी, फिट, टीबी आणि एचआयव्हीची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाहीत.

५. छातीत दाब, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, धाप लागून बोलता न येणे, खोकल्यातून रक्त, कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जाणे, यांतले काहीही दिसले तर ना सुई, ना शेक. लगेच १०८ ला फोन करा.

६. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगू नये असे वाटते, असे असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार असेल, तर त्या माणसाला एकटे सोडू नका.

आणि घरातल्या कोणी पुन्हा "डोके दुखते" म्हटले, तर आधी दवाखान्यात दाखवा, औषध वेळेवर द्या. मग जवळ बसा आणि विचारा, "काय झाले, सांग ना." मध्येच न तोडता ऐकून घ्या. एवढे ऐकून घेतल्यानेही दुखणे हलके होते, हे चाचणीत दिसले आहे. फक्त ते औषधाच्या सोबतीने करायचे, औषधाऐवजी नाही.