दोन नांदगाव, एक चंद्र

आपले नांदगाव मनमाड-भुसावळ रेल्वेमार्गावरचे, समुद्रापासून कोसो दूर. पण रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ याच नावाचे आणखी एक गाव आहे, थेट समुद्रकाठी. ईदनंतर सवड मिळाली, की मुलाबाळांना घेऊन एक दिवस त्या वाटेने जरूर जावे. आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा.

सकाळी आधी तिथली इस्रायल आळी पाहावी. बेने इस्रायल ज्यूंचे प्रार्थनास्थळ तिथे आहे. तेलाचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. बहुतेक कुटुंबे पुढे इस्रायलला गेली. त्यांची मायबोली मात्र मराठी.

पुढचे गाव चौल. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, बगदादचा प्रवासी अल-मसूदी इथे आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या बंदरात राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. राजा हिंदू, शिलाहार घराण्यातला झंझ. मुसलमानांचे व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी १२९६ ची. त्याआधी पावणेचारशेहून अधिक वर्षे ही वस्ती इथे नांदत होती. ती आली मोसमी वाऱ्यांबरोबर, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून.

रेवदंड्याला पोर्तुगीज कोटाची पडकी तटबंदी दिसते. खाडी ओलांडली की कोर्लई. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले. पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळीतून झालेली बोली आजही ऐकू येते.

नांदगाव ओलांडून आधी मुरूड आणि राजपुरी गाठावी. समोर पाण्यात जंजिरा. हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला; अर्थ बेट. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे राज्य इथे १९४८ पर्यंत होते. या किल्ल्यासाठी पिढ्यानपिढ्या लढायाही झाल्या. तो इतिहासही मुलांना सांगावा.

परतताना संध्याकाळी नांदगावी थांबावे. हे गणेश दैवज्ञांचे गाव. १५२० च्या सुमारास त्यांनी ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ग्रहगणित त्यांनी इतके सोपे केले, की पुढे कित्येक शतके पंचांगे त्यावरून बनत राहिली. पंचांगातला चंद्र गणिताने मांडायचा, रमजानचा चाँद डोळ्यांनी शोधायचा. रीत वेगळी, चंद्र तोच.

आपला कोण आणि परका कोण, हा प्रश्न हल्ली फार लवकर विचारला जातो. चौलच्या राजाला तो पडला नसेल असे नाही. त्याने आलेल्यांना राहायला जागा दिली, आणि त्यांचा प्रमुखही त्यांच्यातलाच राहू दिला.