‘सायको’ म्हणण्याआधी...

मित्र विचित्र वागायला लागला की आपण हसतो, टाळतो किंवा ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देतो. त्यातच महिने निघून जातात. सायकोसिसमध्ये नेमके हेच महिने महागात पडतात.

समजा, तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणारा तो. कामात चोख, कॅन्टीनमध्ये सगळ्यांची खेचणारा. गेला दीडेक महिना मात्र डबा घेऊन एकटाच गच्चीवर जातोय. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीय (ती हल्ली बरेच जण लावतात, त्यात विशेष काही नाही). मग एक दिवस तो तुम्हाला हळूच विचारतो, ‘काल मीटिंगमध्ये सर माझ्याबद्दलच बोलत होते ना?’ सर बिचारे सेल्सच्या आकड्यांबद्दल बोलत होते. तुम्ही ‘काय राव, काहीही!’ म्हणता आणि विषय संपतो. तुमच्यापुरता. त्याच्या डोक्यात तो वाढत जातो. पुढच्या महिन्याभरात त्याची खात्री पटते, की अख्खा फ्लोअर आपल्या मागावर आहे आणि बसमध्ये खोकणारी माणसंसुद्धा एकमेकांना इशारे करतायत.

तोवर ऑफिसात त्याचं बारसं झालेलं असतं. ‘सायको’. पुण्यात असाल तर ‘येरवड्याला पाठवा याला’, मुंबईत असाल तर ‘ठाण्याला’. हा जोक आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आलाय आणि अजून रिटायर झालेला नाही.

सायकोसिस हे एका आजाराचं नाव नाही. ताप जसा फ्लूमुळे येतो, मलेरियामुळे येतो, टायफॉइडमुळेही येतो, तसंच हे. वास्तवाशी असलेला माणसाचा धागा काही काळ सुटतो, त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात आणि ती कशामुळे आली ते शोधणं हे डॉक्टरांचं काम. या अवस्थेत भास होतात, म्हणजे जे नाही ते ऐकू येतं, दिसतं, कधी त्याचा वाससुद्धा येतो. आवाज ऐकू येणं सगळ्यांत जास्त. हे आवाज अनेकदा नावं ठेवणारे, हुकूम सोडणारे असतात. दुसरी गोष्ट भ्रमाची. एखादी चुकीची समजूत इतकी पक्की बसते, की पुरावे देऊन ती हलत नाही. बोलण्याची गाडी रुळावरून घसरते, एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही. आणि सगळ्यांत अवघड भाग म्हणजे, यातल्या पुष्कळांना आपल्याला काही झालंय हेच पटत नाही. ताप आलेला माणूस निदान स्वतः क्रोसिन मागतो!

इथे थोडा दिलासाही देऊन टाकू. झोप लागता लागता कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटणं, खिशात मोबाइल नसताना तो थरथरल्यासारखा वाटणं, घरातलं माणूस गेल्यावर काही दिवस त्याची चाहूल लागणं, हे सगळं चांगल्या धडधाकट माणसांना होतं. जत्रेत एखादीच्या अंगात आलं म्हणून तीही आजारी ठरत नाही. त्या प्रथेच्या चौकटीत ते घडतं, संपतं आणि बाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. बघायचं ते हे, की माणूस बदललाय का, तो बदल टिकतोय का आणि त्याची झोप, काम, नाती त्यात वाहून चाललीयत का.

सिनेमाने आपलं नुकसानही केलंय आणि थोडं भलंही. हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’ने तो शब्द खुन्याला चिकटवला. प्रत्यक्षात हा आजार असलेल्या बहुतेक लोकांच्या हातून कुणालाही इजा होत नाही. उलट त्यांनाच मारहाण, फसवणूक जास्त सोसावी लागते आणि त्यांनी स्वतःचं बरंवाईट करून घेण्याचा धोका मोठा असतो. ‘अ ब्युटिफुल माइंड’ (२००१) पाहून वाटतं, की गणितज्ञ जॉन नॅश यांना चालतीबोलती माणसं दिसायची. ती पटकथेची गरज होती. खऱ्या नॅश यांना भ्रम होते आणि नंतर आवाज ऐकू यायचे. १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मात्र शंभर टक्के खरं.

भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधी ना कधी स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम सायकोसिस झालेल्यांचं प्रमाण १.४ टक्के आढळलं. ढोबळ हिशेब मांडला, तर पाचशे जणांच्या ऑफिसात सात जण. त्याच सर्वेक्षणात सायकोसिस असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. आणि सुरुवात होते ती बहुतेकदा पंधरा ते तिशी-पस्तिशीच्या दरम्यान. म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, पीजी आणि लग्नाची स्थळं या सगळ्यांच्या ऐन मध्यावर.

स्टार परफॉर्मर!

स्किझोफ्रेनिया हा यातला सगळ्यात बदनाम आजार. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव दिलं, त्याचा शब्दशः अर्थ ‘दुभंगलेलं मन’ आणि तेव्हापासून लोक त्याला ‘डबल रोल’ समजतायत. एका माणसात दोन माणसं असणं हा हा आजार नव्हेच.

ऑफिसात फसवणारा खरा प्रकार वेगळाच आहे. बायपोलर डिसऑर्डरमधला मॅनिया. सुरुवातीला तो आजार वाटतच नाही, अप्रेझल वाटतं. पहाटे तीनला ई-मेल, चार वाजता सुधारित ई-मेल. ‘मला तीन तास झोप पुरते यार’. एका मीटिंगमध्ये सतरा आयडिया. बॉस खूश, टीम हैराण. मग क्रेडिट कार्डावर लाखांची खरेदी होते, थेट चेअरमनना पत्र जातं आणि एका सोमवारी तो राजीनामा टाकतो, कारण जगाचं अर्थकारण बदलण्यासाठी आपली निवड झालीय असं त्याला ‘कळलेलं’ असतं. इथे मॅनियाने सायकोसिसची हद्द ओलांडली. आधीचे दोन महिने कुणालाही शंका येत नाही, कारण कमी झोपून जास्त काम करणाऱ्याला आपल्याकडे डॉक्टर दाखवत नाहीत, ट्रॉफी देतात.

तीव्र डिप्रेशनमध्येही सायकोसिस होऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, हजारात एक-दोन बायकांना होतो आणि ती सरळसरळ इमर्जन्सी असते. ‘बाळंतिणीचं मन हळवं असतं’ म्हणत बसायची ती वेळ नाही. आणि गांजा. जोरकस गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसचा धोका वाढतो, त्यातही घराण्यात आजार असेल तर जास्तच. ‘नॅचरल आहे रे, झाडाचं पान’ असं ऐकवणाऱ्या मित्राला सांगा, धोतराही नॅचरलच असतो.

कधी कधी मूळ भलतीकडेच सापडतं. २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ची चोवीस वर्षांची पत्रकार सुझॅना कहालन अचानक संशयी झाली, भास होऊ लागले, फिट्स आल्या. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे मानसिक. महिनाभर ती हॉस्पिटलात होती. शेवटी डॉ. सुहेल नज्जर यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. मेंदूचा उजवा भाग सुजलाय, हे त्यावरून ताडता आलं. शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्या मेंदूवर हल्ला करत होती आणि हा विकार डॉक्टरांनी ओळखून जेमतेम दोन वर्षं झाली होती. उपचारांनी ती बरी झाली, कामावर परतली. असं क्वचितच होतं. पण पहिल्यांदा सायकोसिस झालेल्याच्या रक्ताच्या, थायरॉइडच्या, गरज पडल्यास मेंदूच्या तपासण्या डॉक्टर का सांगतात, ते यावरून कळावं.

घड्याळ कुठे अडतं?

अमेरिकेत पहिल्या सायकोसिसच्या चारशेहून जास्त रुग्णांवर झालेल्या ‘रेझ’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. लक्षणं सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत किती वेळ गेला होता? निम्म्या रुग्णांच्या बाबतीत ७४ आठवड्यांहून जास्त. जवळपास दीड वर्ष! औषधं, समुपदेशन, घरच्यांना मार्गदर्शन आणि नोकरी-शिक्षणात मदत असं एकत्रित पॅकेज तिथे दिलं गेलं. त्याचा फायदा लवकर आलेल्यांना जास्त झाला, उशिरा आलेल्यांना कमी.

नॉर्वेतल्या रोगालांड भागातली गोष्ट मला तर त्याहून बोलकी वाटते. तिथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक मोहीम झाली. वर्तमानपत्रं, रेडिओ, सिनेमागृहं, शाळा, सगळीकडे एकच गोष्ट : सायकोसिस असा दिसतो, शंका आली तर या टीमला फोन करा. फोन कुणीही करावा, मित्राने, शिक्षकाने, बहिणीने. त्या काळात उपचाराविना जाणारा वेळ पाच आठवड्यांवर आला. मोहिमेच्या जाहिराती थांबल्या आणि तो पुन्हा पंधरावर गेला. डॉक्टर तेच, औषधं तीच. फरक पडला तो आजूबाजूच्या माणसांना माहीत असण्या-नसण्याचा.

आपल्याकडे हे आठवडे जातात कुठे? गावाकडे ते देवऋषी, अंगारे-धुपारे, ‘बाहेरचं आहे’ यात जातात. (भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी.) शहरात आपण स्वतःला शहाणे समजतो, पण आपलेही अंगारे असतात, फक्त त्यांची नावं इंग्रजी. बर्नआउट आहे. ब्रेकअप झालंय. अ‍ॅटिट्यूड आलाय. दहा दिवसांच्या मेडिटेशनला जाऊन ये. आणि सगळ्यांवरचा रामबाण उपाय, ‘लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर’. यात आणखी एका माणसाचं आयुष्य, तेही न सांगता, पणाला लागतं.

मग करायचं काय?

वाद घालू नका. ‘कुणी नाहीये तुझ्या मागे, वेडा आहेस का?’ या वाक्याने आजवर कुणाचाही भ्रम गेलेला नाही. ‘हो रे, मलाही दिसले ते’ असं खोटं खोटं मान डोलावणंही घातक. मधली वाट आहे : ‘मला तसं वाटत नाहीये, पण तू किती घाबरलायस ते दिसतंय. झोप लागते का रे?’ झोप हा चांगला दरवाजा आहे. भ्रमावर डॉक्टरकडे यायला तो तयार होणार नाही, पण तीन रात्री डोळा लागला नाही यासाठी कदाचित येईल आणि ती तक्रार खरीच असते. मग त्याच्या घरी फोन करा. एचआरला कळवायचं ते नंतर, शक्यतो त्याच्या संमतीने. त्याचे व्हिडिओ काढू नका, ग्रुपवर तर टाकूच नका.

गाठायचं ते सायकिअ‍ॅट्रिस्टला. नुसतं काउन्सेलिंग सायकोसिसला पुरत नाही. सोबत एक कागद न्या : बदल कधीपासून, झोप किती, नशापाणी, ताप किंवा डोक्याला मार, घराण्यात कुणाला काही. आवाज जर ‘उडी मार’, ‘याला मार’ असं सांगत असतील, किंवा मरणाच्या गोष्टी निघत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच रात्री हॉस्पिटल, नाहीतर ११२. नुसतं विचारायचं असेल तरी २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी ‘टेली मानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

औषधांबद्दल सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, सवय लागते का? अँटिसायकोटिक गोळ्यांची चटक लागत नाही. पण वजन वाढतं, झोप येते, काहींचं अंग आखडतं. हे डॉक्टरांना सांगितलं तर गोळी किंवा डोस बदलता येतो. न सांगता गोळ्या बंद केल्या की आजार उलटतो आणि पहिल्या एपिसोडनंतर साधारण वर्ष-दोन वर्षं तरी औषध चालू ठेवायला सांगतात ते त्यासाठीच. वरणात गोळी चुरून घालणारी घरं आहेत. त्यांची अगतिकता समजते. पण ज्याला आधीच वाटतंय की आपल्यावर विषप्रयोग होतोय, त्याला हे कळलं की घरावरचा त्याचा उरलासुरला विश्वास संपतो.

काहींचा हा एपिसोड महिन्याभरात आटोपतो आणि पुन्हा कधीच येत नाही. काहींना दीर्घकाळ औषधं लागतात आणि तरी ती माणसं कोड लिहितात, शिकवतात, संसार करतात. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष आठवतोय? तो चित्रपट उभा राहिला तो जगन्नाथ वाणी यांच्यामुळे. कॅनडात प्राध्यापकी करणाऱ्या या माणसाच्या घरातच हा आजार होता. पुण्यात त्यांनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना भेटू लागले. आपल्याच घरात हे नाही, एवढं कळण्यानेही खूप फरक पडतो.

कायदाही आता बरा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. तेव्हा मेडिक्लेमचा फॉर्म नाकारला गेला तर गप्प बसू नका.

राहता राहिला प्रश्न तो कामावर परत येतो त्या दिवसाचा. सकाळी सातची शिफ्ट नको, अकराची द्या, गोळ्यांची गुंगी उतरायला वेळ लागतो. नाइट शिफ्ट तर नकोच, झोप बिघडली की आजाराला आयतं निमित्त मिळतं. ‘कुठे होतास एवढे दिवस?’ याचं उत्तर त्याला द्यायचं असेल तेव्हा तो देईल. आणि दीड वाजता डबा खायला हाक मारा. काही औषधांनी भूक जबरदस्त वाढते, तेव्हा तुमच्या डब्यातली एखादी पोळी जास्तीची जाईल, एवढी तयारी ठेवा.